तवर सर

आमच्या इंग्रजीच्या सरांना ‘बघू’ हा शब्द सहन व्हायचा नाही. कुणी ‘बघू सर’ म्हणालं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करायचे. ‘‘बघू म्हंजी न्हाई,’’ म्हणायचे. ‘‘इंग्रजीत बारा काळ हायत. आपल्याकडं एकच, बघू.’’ मग लगेच तारीख मागायचे. कधी बघणार? सोमवारी? सोमवारी किती वाजता? आणि तवर काय झालेलं असंल? हा ‘तवर’ त्यांच्या तोंडी इतका असायचा, की लातूरच्या त्या क्लासमध्ये त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सगळे त्यांना तवर सर म्हणायचे. आधी माघारी, मग तोंडावरही.

सर जळकोटचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात खडू ठेवून ठेवून पांढरा पडलेला खिसा. आठवडाभर लातूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारी एसटीने गावी जायचे. आमच्या क्लासमध्ये इंग्रजीला काडीची किंमत नव्हती. सगळा जीव ‘नीट’च्या तीन विषयांत, इंग्रजी बोर्डापुरती, आठवड्यातून तीन तास. त्या तासाला पोरं मांडीवर बायोलॉजीचं पुस्तक उघडून बसायची. सरांना ते ठाऊक असायचं. ‘‘बेडूक मांडीवर असू दे,’’ म्हणायचे, ‘‘कान तेवढा हिकडं द्या.’’

त्यांचा सगळ्यात लाडका काळ म्हणजे पूर्ण भविष्यकाळ, ‘विल हॅव’वाला. बाकीचे काळ ते भराभर उरकायचे, यावर मात्र आठवडा लावायचे. खालच्या टपरीवर चहा सांगायचा तरी फोनवर विचारायचे, ‘‘घंटा व्हायच्या आत चहा आलेला असंल का?’’ पलीकडून टपरीवाले मामा म्हणायचे, ‘‘यायलाय सर, यायलाय.’’ सर म्हणायचे, ‘‘यायलाय नको मामा. आलेला असंल का, त्ये सांगा.’’ चहा यायचा तो घंटेनंतरच. सर तो थंड चहा उभ्यानेच पिऊन टाकायचे.

शिकवायची रीतही त्यांचीच. वर्गाच्या मागच्या भिंतीजवळ फरशीवर खडूने आडवी रेघ मारायचे. ‘‘ही रेघ म्हंजी येता रविवार. ये, हितं हुबी ऱ्हा. आता मागं वळून फळ्याकडं बघ. फळा म्हंजी आज. आजपसून हितवर काय काय करून झालेलं असंल, सांग.’’ आम्ही दात काढायचो, पण एकदा त्या रेघेवर उभं राहून आलेलं पोर तो काळ पुन्हा चुकायचं नाही. सरांचं म्हणणं सरळ होतं. पुढं बघणं कुणालाही जमतं. पुढं जाऊन मागं बघायला जमलं पाहिजे.

आता माझं सांगते. मी नांदेडच्या पुढच्या उमरीची. अप्पांचं तिथे भुसार मालाचं दुकान. दहावीत तालुक्यात पहिली आले आणि सगळ्या पेठेने ठरवून टाकलं की मी डॉक्टर होणार. अप्पा कमी बोलणारा माणूस, पण गिऱ्हाइकाला माल बांधून देताना ‘पोरगी लातूरला असती’ एवढं सांगायचेच. अकरावी बरी गेली. बारावीत रविवारच्या टेस्टला माझा नंबर घसरायला लागला, आणि मी फोनवर खोटं बोलायला लागले. अप्पा विचारायचे, ‘‘कसं चालू हाय?’’ मी म्हणायचे, ‘‘बरं चालू हाय.’’ त्या ‘बरं’च्या खाली मी रोज थोडी थोडी गाडली जात होते. जेवण जाईना, झोप येईना, आणि नवल म्हणजे रडूही येईना. मेच्या त्या परीक्षेच्या पलीकडे मला काहीही दिसत नव्हतं. अंधारही नाही. नुसतं काहीच नाही.

जानेवारीत सरांनी पाच वाक्यं घरून लिहून आणायला सांगितली. पाच मुदती दिल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत, रविवारच्या टेस्टपर्यंत, नीटच्या दिवसापर्यंत, येत्या दिवाळीपर्यंत आणि पाच वर्षांनंतर. तोवर मी काय केलेलं असेल, एवढंच लिहायचं होतं. सोपा अभ्यास. पोरांनी पाचव्या वाक्यात बंगले बांधले, गाड्या घेतल्या. शनिवारी सकाळी सरांनी वह्या परत दिल्या. माझी दिली नाही. मला वाटलं, सगळ्यांसमोर उभं करणार.

तास संपल्यावर त्यांनी मला मास्तरांच्या खोलीत बोलावलं. फिजिक्सचे सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. सरांनी माझी वही उघडून पुढे ठेवली. पहिली तीन वाक्यं लिहिलेली, एकही चूक नाही. पुढच्या दोन मुदती लिहिलेल्या आणि त्यांच्यापुढे कोरं.

‘‘ह्ये कामून राह्यलं?’’

‘‘टाइम न्हाई भेटला सर.’’

‘‘टाइम नव्हता, तर समास कवा आखलास?’’

मी खाली बघत राहिले. फिजिक्सचे सर म्हणाले, ‘‘जाऊ द्या ना सर, इंग्रजीच तर आहे. उद्या टेस्ट आहे तिची.’’ सरांनी त्यांच्याकडे नुसता हात केला, थांबा म्हणून. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि ‘आज पाऊस पडंल का’ विचारावं तितक्या साध्या आवाजात विचारलं, ‘‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतंय का, बाई?’’

मला दोन वर्षांत असं कुणी काही विचारलं नव्हतं. मार्क विचारले होते. मी म्हणाले, ‘‘कवा कवा.’’

सर दचकले नाहीत, उपदेश केला नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. तांब्या माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘‘पाणी पी. आज तुला उमरीला न्यायलोय.’’

क्लासच्या मालकांनी त्यांना आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर बाकड्यावर. आत आवाज चढलेला कळत होता, शब्द कळत नव्हते. पाच मिनिटांनी सर बाहेर आले, खिशातला खडू काढून खिडकीत ठेवला आणि म्हणाले, ‘‘चल.’’ माझ्यादेखत त्यांनी वसतिगृहाच्या मावशींना सांगितलं, माझ्यादेखतच अप्पांना फोन लावला. ‘‘पोरीला घिऊन यायलोय. तब्येत ठीक हाय. बाकी आल्यावर बोलू.’’ पलीकडे अप्पा काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही. तेच ऐकण्याची भीती वाटत होती.

लातूर ते नांदेड हा रस्ता मी कितीतरी वेळा बघितला असेल. त्या दुपारी मात्र मागे पडणारं एकेक गाव मी मोजत होते. उमरी आली की अप्पा विचारणार, आणि मला खरं सांगावं लागणार. खिडकीचा गज मी इतका घट्ट धरला होता की तळहातावर वळ उठला. सरांनी तो बघितला. म्हणाले, ‘‘दिवाळीचं ऱ्हाऊ दे. आष्टामोड यीस्तवर काय झालेलं असंल, तेवढं सांग.’’

मला राग आला. जीव टांगणीला लागलाय आणि या माणसाला व्याकरण सुचतंय! तरी सवयीने तोंडातून निघालं, ‘‘कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं काढलेली असतील.’’

‘‘इंग्रजीत.’’

‘‘द कंडक्टर विल हॅव इश्यूड ऑल द टिकिट्स.’’

आष्टामोड आलं तोवर काढलेली होती. मग चाकूर. पुढच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर लेकरू किरकिर करत होतं. मी म्हणाले, चाकूरपर्यंत ते झोपलेलं असेल. ते कसलं झोपतंय! चाकूर आलं तरी त्याने सगळी गाडी डोक्यावर घेतलेली. ‘‘चुकलं सर,’’ मी म्हणाले.

‘‘चुकू दे की. तुझं चुकलं म्हणून चाकूर यायचं थांबलं का?’’

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आपण काही मोठं बोललो असा भाव नव्हता. शिरूर ताजबंदला गाडी थांबली. जळकोटला जायला सर दर शनिवारी तिथेच उतरायचे. खालून एक ओळखीचा माणूस ओरडला, ‘‘सर, उतरायचं न्हाई का आज?’’ सर म्हणाले, ‘‘आज न्हाई.’’ अहमदपूर, माळाकोळी, लोहा. प्रत्येक गावाला माझं एक वाक्य झालं. निम्मी चुकली. गाव मात्र दर वेळी आलं.

नांदेडला गाडी बदलून उमरीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अप्पांनी सरांना खुर्ची दिली, शेजारच्या पोहेवाल्याला चहा सांगितला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मी निम्मी झाले होते, ते त्यांना दिसलं असावं. गिऱ्हाईक गेल्यावर सरांनी वही काढून तराजूशेजारी ठेवली.

‘‘अप्पा, हिला ह्या दोन वळी लिहायला जमंना.’’

‘‘काय लिहायचं हाय?’’

‘‘येत्या दिवाळीपतूर हिचं काय झालेलं असंल, त्ये.’’

‘‘डॉक्टरकीला लागलेली असंल की.’’

मी पोत्याला टेकले. सर म्हणाले, ‘‘आन न्हाई लागली तर?’’

अप्पांनी तराजूतलं वजन उचललं, परत ठेवलं. रस्त्यावरून एक ऑटो गाणं वाजवत गेला, ते गाणं पेठेच्या टोकाला जाऊन विरेपर्यंत अप्पा बोलले नाहीत. त्या क्षणी अप्पा ओरडले असते, तर आज मी हे लिहायला असते की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

मग त्यांनी सरांकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस असून हे काय विचारायलाय. ‘‘न्हाई लागली तर घरी आलेली असंल,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरीकडं कुठं जाईल? दिवाळीला लेक घरीच येती सर. लागली तरी आन न्हाई लागली तरी.’’

मी तिथे दुकानात, तुरीच्या पोत्यांमध्ये बसून मोठ्याने रडले. कितीतरी महिन्यांचं रडले. आतून आई धावत आली, अप्पा घाबरून उठले आणि ‘काय म्हणालो मी, काय म्हणालो’ करत राहिले. परीक्षेच्या पलीकडचं ते जे काहीच नव्हतं, तिथे माझं घर होतं. दोन वर्षं सगळे माझ्याशी एकाच दिवसाबद्दल बोलत होते, आणि त्या दिवसानंतर मी कुठे असेन हे मी अप्पांना कधी विचारलंच नव्हतं. त्यांनाही वाटलं असेल, हे काय सांगायचं.

सगळं बोलणं त्या रात्रीच्या जेवणाआधी झालं. मार्क, खोटं, झोप, सगळं. अप्पांनी एकदाच विचारलं, ‘‘मला आधी सांगितलं असतंस तर मी मारलं असतं का?’’ दुसऱ्या आठवड्यात ते मला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि पेठेत कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, पोरीला बरं नव्हतं, आता हाय.

वहीतली दिवाळीची ओळ मी त्याच संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसून भरली. पाच वर्षांची ओळ कोरीच राहिली. सर म्हणाले, ‘‘ती ऱ्हाऊ दे. बघू.’’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

मी डॉक्टर झाले नाही. परीक्षा दिली, नंबर लागला नाही, नर्सिंग केलं आणि आता नांदेडलाच एका दवाखान्यात आहे. काम आवडतं. दोन वर्षांपूर्वी सर गेले. त्यांच्या मातीला जळकोटला गेले होते, तेव्हा माझ्यासारखी किती पोरं तिथे आलेली दिसली. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पण सरांची आठवण म्हटली की मला उमरीच्या स्टँडवरची ती रविवारची सकाळ आठवते. रात्री ते आमच्याकडेच राहिले होते. सकाळी नांदेडची गाडी लागली. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या, अप्पा त्यांची पिशवी हातात धरून उभे होते, देतच नव्हते. मी विचारलं, ‘‘सर, आजची टेस्ट बुडवून तुम्ही मला घरी आणलं. क्लासवाले काय म्हणतील?’’

सर पायरीवर चढले, दांडा धरून वळले. ‘‘मी लातूरला पोचस्तवर,’’ म्हणाले, ‘‘त्यांनी दुसरा मास्तर बघितलेला असंल.’’

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला वाटलं, सर उदाहरण देतायत. तीन आठवड्यांनी मी लातूरला परत गेले, वर्गात शिरले, तर फळ्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर होतं.