लाल वहीतली सासरची नावे

फकिरा चहा बशीत ओततो, पण बशी मांजरापुढे ठेवतो. स्वतः कपात उरलेला पितो.

फोटोला हात लावण्याआधी हात धुतो. पुसत नाही. हवेत वाळवतो.

कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो. तो नेमका कुणाकडे पाहतो आहे, हे समोरच्याला कळत नाही.

पोरीचा फोटो काढला की तिचे नाव विचारतो, मग बापाचे, आणि खिशातल्या लाल वहीत लिहितो. पोरांचे फोटो काढताना वही निघत नाही.

लग्नपत्रिका जमवतो. ज्या लग्नाचे बोलावणे नाही, त्यांच्याही.

म्हाताऱ्या बायकांशी हळू आवाजात बोलतो. जवळ कुणी गेले की विषय धानावर येतो.

मंडईच्या जत्रांच्या दिवसांत सायकलला कापडी पिशवी लावतो. जाताना फुगलेली, येताना रिकामी.

अशा सात सवयी. जागेश्वरने त्या आठ दिवसांत टिपल्या होत्या, काही आधीच्या वर्षांच्या आठवणीतून, १९७९ च्या दिवाळीआधी. टिपायला सांगितले होते केवळरामजींनी. केवळरामजी म्हणजे अड्याळच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. धानाची मोठी शेती, मोठा आवाज, आणि मुलगी सुलोचना मुलींच्या कबड्डी संघात चढाईला पहिली.

त्यांनी जागेश्वरला सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसवले. मंडळातला गोमाजी आधीच बसला होता.

"गोमाजी, सांग याले काय पाह्यलं तं."

"पासबुकाचा फोटो आणाले गेलो होतो फकिराच्या दुकानात," गोमाजी म्हणाला. "आतल्या खोलीचा पडदा जरा उडाला. दोरीवर पोरीच पोरी. चिमटे लावून वाळत घातल्या होत्या, पापडावानी."

"माही होती का त्यात?"

"दोन जागी होती, केवळरामजी. एका जागी तं हवेत होती."

केवळरामजींनी सुपारी फोडली. "जागेश्वर, तू दुपारभर त्याच्या दुकानात बसून राह्यतं. थो फोटो कुठं नेते, कोणाले दाखवते, तेवढं पाह्य. सुलोचनाच्या सोयरिकीचं चालू हाये. काही वाकडं निंगालं तं पोरीयची कबड्डी बंद. मैदानात नांगर घालीन मी."

जागेश्वर तेवीस वर्षांचा होता. भंडाऱ्याच्या कॉलेजातून मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाला होता आणि नोकरी नव्हती. सामन्यांच्या वेळी माइकवर बोलायचा. मुलींचा संघ त्यानेच घरोघर फिरून, आयांना समजावून, बापांच्या शिव्या खाऊन उभा केला होता. त्या मैदानात त्याला नांगर नको होता. तो हो म्हणाला.

फकिरा त्याचा मित्र होता. वयाने पंधरा वर्षांनी मोठा. मूळचा कारध्याचा, बाप वैनगंगेत जाळे टाकायचा. फकिरा चौथी शिकला आणि नागपुरात एका फोटोवाल्याकडे राहून हा धंदा शिकून आला. अड्याळच्या बाजारात दुकान टाकले. दिवाळीनंतर गावोगावची मंडई सुरू झाली की तो रंगवलेला पडदा घेऊन जायचा. पडद्यावर तलाव, तलावात हंस. बाया-माणसे पडद्यापुढे उभी राहून फोटो काढायची आणि पुढच्या बाजाराला पाकीट घेऊन जायची. पण त्याचा जीव पडद्यापुढे रमत नसे. पळणारी पोरगी, भुलाबाईच्या फेरात वाकलेली बाई, फुगडीत मागे फेकलेली मान, हे दिसले की त्याचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जायचा.

"उड्या मारणाऱ्या माणसाचा फोटो हलत कसा नाही हो?" जागेश्वरने एकदा विचारले होते.

"मासा दिसला म्हंजे गेला," फकिरा म्हणाला. "आदी पाणी पाहा लागते. मासा याच्या पह्यले पाणी हलते."

पूर्वी जागेश्वरला हे बोलणे फार आवडायचे. आता दुपारी तो त्याच स्टुलावर बसायचा आणि तेच बोलणे त्याला खोल पाण्यासारखे वाटायचे. फकिरा हात धुवायला उठला की तो भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहायचा. खिळ्याला पत्रिका अडकवलेल्या होत्या. त्यात तुलाराम पाटलाच्या घरची होती. त्या लग्नात फकिराला कुणी बोलावले नव्हते, फोटोवाला पवनीचा आला होता.

"फकिराभाऊ, पत्रिका कायले जमवता?"

"कागद चांगला रायते."

एवढे बोलून फकिरा हसला. जागेश्वरला ते हसू नको तिथे ठेवल्यासारखे वाटले.

दिवाळीत सामने झाले. शेवटच्या सामन्यात सुलोचना चढाईला गेली तेव्हा समोर चौघी होत्या आणि तिच्या बाजूला ती एकटीच उरली होती. ती रेषेजवळ गेली, परत आली, परत गेली. पोरींनी साखळी केली. माइकवर जागेश्वर काय बोलत होता ते त्यालाच कळत नव्हते. त्याने पाहिले, फकिरा मैदानाच्या कडेला एका गुडघ्यावर बसला आहे आणि मान खाली घालून आहे. सुलोचना उडी मारायच्या आधी त्याचे बोट हलले. मग ती उडाली. चौघींच्या हातांवरून गेली आणि तिचा हात मधल्या रेषेवर पडला. सगळे मैदान उभे राहिले.

फकिरा उभा राहिला नाही. त्याने वहीत लिहिले. मग तो बायकांच्या बाजूला गेला. तिथे सुलोचनाची आजी बायजाबाई बसली होती. जागेश्वर माइक सोडून मागून गेला. त्याला एकच वाक्य नीट ऐकू आले.

"आजी, पुष्पीचं नाव काय ठेवलं तिकडं?"

पुष्पी म्हणजे गेल्या वर्षी लग्न होऊन गेलेली पोरगी. लग्नात सासरचे नवे नाव ठेवतात आणि मग जन्मभर तेच चालते. ते नाव घरच्या माणसांनाच ठाऊक असते. परक्या पुरुषाला लग्न झालेल्या बाईचे सासरचे नाव कशाला हवे? बायजाबाई पुटपुटली. फकिराने वही काढली. जागेश्वर दिसला तसा तो म्हणाला, "यंदा धान बरं हाये, आजी."

ती जागेश्वरच्या यादीतली आठवी गोष्ट झाली.

चार दिवसांनी मंडळाच्या खोलीत बैठक झाली. फकिरालाही बोलावले होते. जागेश्वरने यादी वाचली. मांजराची बशीसुद्धा वाचली. वाचताना वर पाहिले नाही.

"पुष्पीच्या नावाशी तुले काय करा लागते?" केवळरामजींनी विचारले.

"काही नाही."

"काही नाही तं पुसतं काहून?"



गोमाजी म्हणाला, "नागपूरले नेऊन विकते म्हणतात लोकं. वही दाखव ना गड्या, मन साफ हाये तं."

फकिराने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. त्याने गोमाजीकडे बराच वेळ पाहिले. ते पाहणे जागेश्वरला तेव्हा गुन्हेगाराचे वाटले.

"वही नाही दाखवत," फकिरा म्हणाला.

"मंग आजपासून मैदानात पाय ठेवू नोको. आमच्या बायामाणसायसंग बोलू नोको."

"बरं."

जाताना तो दारात जागेश्वरपाशी थांबला. "अक्षर चांगलं हाये तुहं," तो म्हणाला. "एकही गोष्ट खोटी नाही लिहिली."

जागेश्वर पुन्हा दुकानात गेला नाही. आपण संघ वाचवला, असे त्याने स्वतःला सांगितले. पुढच्या मे महिन्यात सुलोचनाचे लग्न झाले, तिला वरठीला दिले. मागोमाग आणखी दोघी गेल्या. ब्याऐंशी साली सात पोरी जमेनात. नांगर कुणी घातला नाही. मैदानात लोक धानाची मळणी करू लागले.

म्हाताऱ्या बायका फकिराला पाहून पदर ओढू लागल्या. तो मंडईला जात राहिला, पडदा, पिशवी घेऊन. जागेश्वरला शाळेत मास्तरकी मिळाली. रस्त्यात फकिरा भेटला तर दोघे मान हलवायचे.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात फकिरा काविळीने गेला.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने, रेवताबाईने, जागेश्वरला बोलावणे पाठवले. ती उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात लाल वही.

"बावीस वर्सं संसार केला," ती म्हणाली. "या वहीले मले हात लावू नाही देल्ला. मले वाचता येत नाही, तरी नाही देल्ला. तुमच्या बैठकीत काय झालं ते मले समजलं होतं, मास्तर. आता वाच. काही लपवू नोको. बाया असन तं बाया म्हण."

जागेश्वरने वही उघडली. पहिल्या पानावर लिहिले होते: बेबी, बाप गोमाजी. पळण्याची शर्यत, १९७४. सासरचे गाव पहेला. सासरचे नाव रुख्मा. पहेल्याची मंडई, ७७. दिला.

तो थांबला. गोमाजीची मुलगी.

"वाच ना."

त्याने वाचले. पुष्पा, फुगडी, सासरचे नाव वंदना, दिला. पुढची कबड्डी, दिला. पुढची भुलाबाई, दिला. अडतीस नावे. अडतीस गावे.

"दिला म्हंजे काय देल्ला?"

"माहीत नाही, काकू."

त्याला खरेच माहीत नव्हते. मनात जे आले ते चांगले नव्हते. सहा वर्षांनंतरही त्याचा संशय आहे तिथेच बसलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सायकल काढली आणि पहेल्याला गेला. गोमाजीचा निरोप आहे असे सांगून त्याने रुख्माबाईचे घर विचारले.

तिच्या कडेवर पोर होते. सासू पाणी आणायला आत गेली तेव्हा जागेश्वर हळूच म्हणाला, "फकिरा फोटोवाला वारला."

 पोर खाली ठेवून ती खोलीत गेली, पेटी वाजली. पदराखाली काहीतरी घेऊन आली. फोटो होता. दोन वेण्यांची मुलगी पळते आहे, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, तोंड उघडे.

"माहेरी एक देल्ला होता त्यानं," ती म्हणाली. "बाबानं चुलीत टाकला. मंग लगन झालं. इथं मंडईत थो मागच्या बाजाराचे फोटो वाटून राह्यला होता. आवाज देल्ला, रुख्माबाई, तुमचा फोटो तयार हाये. मी म्हटलं, मी तं फोटो काढलाच नाही. सासू म्हणे, जा, पाह्य तं काय हाये. पाकीट उघडलं तं मी."

"घरी कोणाले दाखवला?"

"कोणाले दाखवू? कोणं काढला म्हणून पुसतीन. बेबी म्हणून आवाज देल्ला असता त्यानं तं सासूनं कान टवकारले असते, हा परका माणूस माहेरचं नाव कसं जाणते म्हणून." तिने फोटो पुन्हा पदराखाली घेतला. सासूची पावले वाजली. "मीच पाह्यतो कधीमधी. नाही तं भुलली असती मी, बेबी कोण होती तं."

जागेश्वर परतताना सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत आला. वही त्या दिवशी बैठकीत उघडली असती तर घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या असत्या. पहिली गोमाजीच्या लेकीची. ती आजही उघडता येणार नव्हती. म्हणजे फकिरा निर्दोष होता, हेही आता गावात कुणाला सांगता येणार नव्हते.

एकट्या रेवताबाईला त्याने सगळे सांगितले. 

"मले सांगतलं असतं तं मी का बोंबलली असती?" ती म्हणाली. मग उठली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. "यात एक राह्यलं हाये. आजारी असताना म्हणे, हे राह्यलं."

डब्यात वरठीची लग्नपत्रिका होती, केवळरामजींच्या घरची, घडी पडलेली, कुणीतरी फेकून दिलेली. तिच्याखाली पिवळे पाकीट. जागेश्वरने हात धुतले. पुसले नाहीत.

फोटोत सुलोचना हवेत होती. खाली चौघींचे हात. मागे माइकपाशी उघड्या तोंडाचा एक तरुण उभा होता. त्याला स्वतःला ओळखायला वेळ लागला.

वहीचे शेवटचे लिहिलेले पान त्याने आता पाहिले. सुलोचना, बाप केवळराम. कबड्डी, १९७९. वरठी. सासरचे नाव, आणि पुढे काही नाही. त्याखाली वरठीच्या मंडईची साले. ८०, नेला, परत. ८१, नेला, परत. ८२. ८३. ८४, नेला, परत.

गाव पत्रिकेवरून मिळाले होते; सासरचे नाव विचारायला फक्त बायजाबाई होती. तिच्याशी बोलायची त्याला बंदी होती.

पाकिटाचे कोपरे पिशवीत घासून गोल झाले होते. वर जाड पेन्सिलीने 'बाई' एवढेच लिहिले होते. त्याच्या आधी एका नावापुरती जागा सोडलेली होती.