राखणीचं गाऱ्हाणं

दारू सुटली तेव्हा वाटलं, देवाने आता सगळं दिलं. कसलं काय! दारू गेली आणि तिने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं उघडं पडलं. शेजारी भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं आणि पुढच्या क्षणी राग असा चढायचा की समोर कोण आहे तेही दिसायचं नाही. माझे वडील पिऊन आले की आधी भांडी आपटायचे, मग मला बडवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या अंगाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी देवापुढे बसून विचारायचो, बाबा रे, बाटली सोडवलीस, मग ही आग कशाला ठेवलीस? तो काही बोलायचा नाही.

मुलुंडच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडम सांगायच्या, "राग आला की त्याच्या खाली काय दडलंय ते बघा, आणि मोठ्याने बोला." मी मान डोलवायचो. मोठ्याने बोला म्हणे! भांडुपच्या आमच्या चाळीत नुसतं शिंकलं तरी चार घरं चौकशीला येतात.

त्यात राखण आली. आम्ही मूळ मालवणकडचे. टेकडीवर चाळ वसली तेव्हापासून वडाखालच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा, नारळ आणि दारूची बाटली द्यायची पद्धत आहे, तीच राखण. थोडी दारू जमिनीवर ओतायची, उरलेली पुरुषांनी प्रसाद म्हणून घ्यायची. त्याआधी एकाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला हाक मारून सगळ्यांची दुखणी सांगायची, आणि बाकीच्यांनी दरवेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हा मान काकांचा. यंदा ते अंथरुणाला खिळले आणि मान माझ्याकडे आला. आई म्हणाली, "जाव नको रे बाबू. कायतरी कारण सांग." पण मला पळायचं नव्हतं. अर्धं आयुष्य पळण्यातच गेलं होतं.

संध्याकाळी वडाखाली चुलतभाऊ दिन्याने बूच उघडून बाटली माझ्या हातात दिली. त्या वासासरशी वडील समोर उभे राहिले, आणि त्याच वासाने तोंडाला पाणीही सुटलं. दिन्या हसत म्हणाला, "एक घोट घे यार, देवाचा मान असतो. देवाच्या दारूने कुणाची वाट लागत नाही." माझ्या डोक्यात सणक गेली. बाटली त्याच्या टाळक्यात घालावी नाहीतर आपल्या घशात ओतावी, तिसरं काही सुचेना. मनात म्हटलं, म्हाराजा, माझ्याने होत नाही, आता तू बघ.

आणि तोंडातून गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा राखणदारा, पोराबाळांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"माका राग येता, पण त्या रागाखाली भिती आसा. बापाशीन मारल्यान, त्याची भिती. ह्या बाटलेची भिती. माझ्याच्यान जमणा नाय, तू सांभाळ रे म्हाराजा!"

सगळे गप्प. आमच्यात असं कुणी बोलत नाही. दिन्या जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, संपलं, आता तोंड दाखवायला जागा नाही. तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला कुणी म्हातारा होता. मग बायकांमधून आईचा रडका आवाज आला, आणि मग सगळ्यांचा. मी बाटली उलटी केली आणि शेवटचा थेंब मातीत जाईपर्यंत तशीच धरली. दिन्या ओरडला, "अरे, प्रसाद!" म्हटलं, "सगळी त्यालाच दिली. मला पचत नाही."

प्रसादाला खोबरं वाटलं. म्हाताऱ्याला द्यायला वळलो तर तो निघून गेला होता. प्रत्येकाला वाटत होतं, तो दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा. असेलही. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

राग अजून येतो. भांडं पडलं की छाती अजून धडधडते. पण आता मी दातओठ खात एकटा झुंजत नाही. देवावर भार टाकायचा तर आधी भार कसला ते त्याला सांगावं लागतं, एवढं मला कळलंय. रोज कामाला निघताना देव्हाऱ्यापुढे उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, "म्हाराजा, आज पण भिती आसा. आज पण पिणार नाय."

देव अजूनही काही बोलत नाही. भाकरी थापता थापता आई आतून म्हणते, "व्हय म्हाराजा."