चार मोटारी आणि सोल्डरचा एक थेंब

वायरवालीने आईला पलंगाला बांधून ठेवलंय, असं आमच्या जिन्यात आठवडाभर चाललं होतं. चाललं होतं म्हणजे, मीच चालवलं होतं. भिंतीपलीकडून आधी घरघर, मग म्हातारीचं "अगं बाई!" आणि वर मुलीचं "हलू नकोस!" असं रोज ऐकल्यावर माणूस दुसरं काय समजणार? शेवटी वाटीभर साखरेच्या निमित्ताने आत शिरले. आई मोकळीच होती. बांधला होता तो पलंग, आणि तोही वायरींनी.

वायरवाली लिफ्टच्या कारखान्यात सर्किटं जोडते. वय बेचाळीस, बोटांवर चटके, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. चहासुद्धा येरझारा घालत पिते. आई जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला आपलं आपण उठून बसता येईना, आणि मुलगी तर दिवसभर कामावर. म्हणून दादाने, म्हणजे वायरवालीच्या थोरल्या भावाने, परस्पर एका वृद्धाश्रमात खाट ठरवून टाकली. "रविवारी चारला येतो. एकटीने उठून बसली तर राहू दे, नाहीतर घेऊन जातो."

तेव्हापासून हिच्या जिवाला थारा नाही. पलंगाला चार मोटारी लावल्या: पाठ, गुडघे, उंची आणि कडेचा कठडा. प्रत्येक मोटारीला चालवणारी एक चिप.

"चौघींना हुकूम त्याच दोन तारांवरून जातो, वहिनी," स्क्रू शोधता शोधता ती सांगत होती. "आधी नंबर, मग काम. त्या नंबरालाच आम्ही पत्ता म्हणतो. ज्या चिपचा नंबर पुकारला तिनेच हलायचं. पण येताना सगळ्या एकाच नंबराच्या येतात!"

"म्हणजे एकाच नावाच्या चार सुना," मी म्हटलं. "हाक मारली की चौघी हजर!"

"किंवा एकही नाही," आई पलंगावरून म्हणाली.

प्रत्येक चिपशेजारी दोन बारीक फटी होत्या. कुठली फट सोल्डरच्या, म्हणजे वितळवलेल्या कथलाच्या, थेंबाने जोडली, त्यावर नंबर ठरतो. पाठीच्या चिपला थेंबच नाही, गुडघ्यांच्या चिपला पहिल्या फटीवर, उंचीच्या चिपला दुसऱ्या, कठड्याच्या चिपला दोन्हींवर. रविवारी सकाळी सगळं शहाण्यासारखं चाललं. मग वीज बंद करून, चारही चिपा बसवलेला डबा आईच्या उशाशी उघडाच टाकून ती झाकणाचे स्क्रू आणायला पळाली. आल्या आल्या झाकण लावलं.

चारला दादा आला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. आईने पाठीचं बटण दाबलं. पाठ उठली. गुडघेही उठले. आई पुस्तकासारखी मिटायला लागली.

"अगं थांबव!" दादा ओरडला. "हिला बसवतेयस की हिची घडी घालतेयस?"

वायरवालीने उलटं बटण दाबून आईला सपाट केलं. दादाने कपाटातून बॅग काढली. तिने गुडघ्यांचं बटण दाबून पाहिलं. काहीच हललं नाही.

"गुडघ्यांची चिप पाठीच्या नंबराला ओ देतेय," असं पुटपुटत तिने झाकण उघडलं. पहिली फट लख्ख मोकळी. "इथला थेंब कुणी काढला?"

मी दोन्ही हात वर केले. माझी कीर्तीच तशी.

आई छताकडे बघत म्हणाली, "बाकीचे चपटे होते गं. हा एकच गाठीसारखा फुगलेला. असलं काम मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. खरवडला." आणि उशीखालून धागे कापायची टोकदार कात्री काढली.

सोल्डर वितळवायची कांडी तापेपर्यंत दादा बॅगेत लुगडी भरत होता आणि ही खोलीभर फिरत एकेक काढून पुन्हा कपाटात टाकत होती. थेंब पडला. वीज आली.

"दाब."

पाठ उठली. गुडघे गप्प. आई उठून बसली आणि लेकाला नीट न्याहाळून म्हणाली, "तुझं खालचं बटण लोंबतंय."

दादाने बॅग खाली ठेवली, पण गप्प बसेल तर शपथ. "आणि उद्या हिने पुन्हा काही खरवडलं तर?"

वायरवाली झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत म्हणाली, "काहीतरी न्यायलाच आलायस ना? मग ही कात्री घेऊन जा."