किमची आणि माझे मोजे

गावाहून मी निघालो तेव्हा मला दोनदा निघावं लागलं. चोपड्याकडच्या आमच्या गावात एसटी यायची ती आधी आत पाड्यापर्यंत जायची आणि वीस मिनिटांनी त्याच रस्त्यानं परत फिरायची. हे गावातल्या बकऱ्यांनाही माहीत. मी मात्र रडण्याच्या नादात विसरलो. सगळ्यांच्या पाया पडलो, आईच्या गळ्यात पडलो, खिडकीतून लांबपर्यंत हात हलवला. वीस मिनिटांनी गाडी परत आमच्याच थांब्यावर. आई तिथंच उभी. रडून तर दोघांचं झालेलं, आता बोलायचं काय? मग ती म्हणाली, "परक्या गावात जे ताटात पडेल ते खाजो. तोंड वाकडं करू नको." आणि गाडी निघाली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे सुरतेला-पुण्याला पांगलेल्यांनो, हे मी बोलतोय आणि बायको लिहून घेतेय. चौथीत मी तीनदा बसलो, चौथ्यांदा मास्तरच कंटाळले. भाषेत हिंदी घुसली असेल तर सांभाळून घ्या. सव्वीस वर्षं इंदौरात नमकीनच्या कारखान्यात शेव तळतोय, जीभपण तळून निघाली.

पहिल्या सकाळी इथं पोह्यांसोबत जिलेबी दिली. पोह्यात बडीशेप, वर शेव, वर जिरावण मसाला, आणि बाजूला पाकात बुडलेली जिलेबी. मला वाटलं, ह्या लोकांना कोणी शिकवलंच नाही की गोड कधी खातात. घास आत जाईना. संध्याकाळी गावातल्या किराणा दुकानावर फोन लावला, आईला बोलावलं आणि सांगितलं, "जेवण एकदम मस्त आहे." ते कधी खरंच आवडायला लागलं, मला समजलंच नाही. एकदा गावी गेलो, सकाळी आईनं गरम भाकर आणि ठेचा पुढं ठेवला आणि माझ्या तोंडातून निघालं, "पोहे नाहीत का?" आई नुसती चुलीकडं वळली.

आता मुद्द्याची गोष्ट. आमची वैशू, एकुलती एक. मोबाईलवर बघून-बघून कोरियाची भाषा शिकली. तिकडच्या कॉलेजात दोन वर्षं शिकायला नंबर लागला, फी तिकडचेच भरणार. सोमवारी फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. "बाबा, तुम्ही हो म्हणाल तरच भरेन," म्हणाली. मी हो म्हणत नव्हतो. खरं कारण एवढंच की घर रिकामं होईल. पण बापानं असं कसं बोलायचं? म्हणून एकच लावून धरलं, "तू तिकडं खाशील काय?"

रविवारी दुपारी ती म्हणाली, "चला, दाखवते." आणि तुकोगंजात एका कोरियन हॉटेलात घेऊन गेली.

दारातच जोडे काढायला लावले. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर. खाली गाद्यांवर बसलो आणि लगेच वास आला. आंबट, कुजका, नाकात घुसून बसणारा. मला वाटलं, मेलो, हे माझेच मोजे. दहा मिनिटं पाय पोटाशी घेऊन, त्यावर दोन्ही हात दाबून बसलो. बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडं बघून, माफ करा अशी मानपण हलवली. मग वेटरनं वाटी आणून पुढं ठेवली आणि वास डबल झाला. वास त्या वाटीचा होता.

"ये क्या है भिया?" मी विचारलं.

"किमची, काका. गोभी को मसाला लगाके सड़ाते हैं." वेटर कोरियाचा नाही, इंदौरजवळच्या सांवेरचाच निघाला.

"और तुम खाते हो?"

"अपन तो घर से टिफिन लाते हैं."

वैशूनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पळालाच. मी एक तुकडा तोंडात टाकला. डब्यात विसरलेली आठ दिवसांची कोबी, जिभेवर अजून जिवंत. मग लाल रश्श्यात तांदळाच्या जाड-जाड गोळ्या आल्या. रंग तिखटाचा आणि लागतं गोड. चावली तर सायकलीची ट्यूब. चावली की दबते, सोडली की परत फुगते. गिळायचं कधी, ते समजेना. मग काळ्या कागदात गुंडाळलेला भात. कागद काढायला लागलो तर वैशू म्हणाली, "बाबा, तो खायचा असतो. समुद्रातलं शेवाळ." आपल्या विहिरीच्या पायरीवर ज्यावरून मी लहानपणी घसरलो, ते. तेव्हापण थोडं तोंडात गेलं होतं. चव तीच.

शर्टाच्या खिशात कारखान्याच्या शेवेची पुडी असतेच. सगळ्यावर भुरभुरली. इंदौरात शेव टाकली की काहीही खपतं, हा माझा सव्वीस वर्षांचा विश्वास. त्या दिवशी तोपण गेला.

पण मनातून मी खूश होतो. नाही म्हणायला पक्कं कारण मिळालं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि वैशूकडं लक्ष गेलं. ती एकेक तुकडा उचलत होती, हसत होती, "किती मस्त ना, बाबा." आणि डाव्या हाताच्या मुठीत ओढणी घट्ट पिळत होती. लहान असताना कडू औषध पाजलं की ती अशीच फ्रॉक पिळायची. मतलब, तिनंपण हे आधी कधी खाल्लेलं नव्हतं. नुसतं मोबाईलवर बघितलेलं. तरी तिनं पूर्ण ताट संपवलं. माझी वाटीपण ओढून घेतली.

मी वेटरला बिल आणायला सांगितलं.

स्कूटरवरून येताना मालवा मिलच्या अलीकडं पोटात गोळा उठला. गाडी बाजूला लावली. पण ओकायचं कुठं? इंदौरच्या रोडावर नुसतं थुंकलात तरी चालान फाडतात. मी हेल्मेट काढलं आणि त्यातच सगळं ओकलो, शेवेसकट. वैशू पाठ चोळत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, सरका." आणि तेच हेल्मेट तिनं माझ्या हातातून घेतलं.

नंतर दोघं फुटपाथवर बसलो. ती म्हणाली, "घाण होतं, बाबा. खूप घाण होतं." आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"मग मस्त काय म्हणत होतीस?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

मी म्हणालो, "जी पोरगी हे खाऊन हसते, ती कुठंपण राहील. फॉर्म भर." मग म्हणालो, "एक ऐक. तिकडं सगळ्यांना मस्त म्हण. मला फोन करशील तेव्हा घाणच म्हणायचं."

"हओ," ती म्हणाली. घरी मी बिनहेल्मेटचा आलो, त्याचं चालान वेगळं.

वैशूला जाऊन चार महिने झाले. दर रविवारी फोन येतो आणि अर्धा तास ती तिकडच्या जेवणाला नावं ठेवते. सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, मुळा म्हणजे साबण. बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं, पोरगी उपाशी मरेल म्हणते. मी मात्र मांडी घालून ऐकतो. मला विचाराल तर घर म्हणजे एवढंच, जिथं घाणीला घाण म्हणता येतं. आईला मी ते कधी म्हणालो नाही. ती गेली तोवर तिच्या हिशोबानं मी इंदौरात मजेतच होतो.

मागच्या रविवारी वैशूचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलली. शेवटी मीच विचारलं, "आज काय घाण खाल्लंस?"

"आज बरं होतं, बाबा. परत मागून घेतलं."

बायकोनं देवापुढं साखर ठेवली, पोरगी खायला लागली म्हणून. मलापण हात जोडायला लावले. मी जोडले. पण पोरगी माझ्याशीपण खोटं बोलायला लागली, की तिला तिथलं खरंच गोड लागायला लागलं? आणि ह्यातलं कोणतं झालेलं बरं? देवाकडं काय मागायचं ते सुचेना. तसाच उभा राहिलो, साखरेला मुंग्या लागेस्तोवर.