बंड्या काढून तयार ठेवा

हसायचं असेल तर हसा, पण आधी तो चहा संपवा. मागं हीच फजिती ऐकताना एकीला ठसका लागला, आणि तिचीही काळजी मलाच करावी लागली. काळजी करायला देवानं सबंध गावात मलाच नेमलंय ना!

तर छप्पन साली राज्यं नव्यानं आखली, तेव्हा आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. गेलो म्हणजे काय, होतो तिथंच होतो. तेच अंगण, तीच चूल. पण तालुक्याच्या ऑफिसातले साहेब बदलले, आणि साहेबांपाठोपाठ आमचं महिला मंडळही बदललं.

तोवर मंडळ म्हणजे पाटलीणकाकू. त्या बोलल्या की झालं. नवे साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी सांगितलं, असं चालायचं नाही. अध्यक्ष पाहिजे, चिटणीस पाहिजे, प्रश्न सभेपुढं मांडायचा, हात वर करून मतं घ्यायची. काकू अध्यक्ष झाल्या. मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून चिटणीस मी. माझी चिमी तेव्हा कडेवरची. स्वतःच्या लेकराला टोपी घालावी की नाही, हे माझं दुपारपर्यंत ठरत नसे, आणि मी गावाचं ठरवणार!

त्याच हिवाळ्यात नदीपल्याडच्या गावात देवी आल्या. आधी एक लेकरू गेलं, मग त्याच घरातलं दुसरं. वारा तिकडून सुटला की मी खिडक्या लावून घ्यायची. चिमीच्या अंगावर डास चावलेला दिसला तरी मी तिला उजेडात नेऊन उलटीपालटी करून बघायची.

अशात एका सकाळी साहेबांची जीप आली. थांबलीसुद्धा नाही धड. चालू इंजिनातच साहेब ओरडले, "चिटणीसबाई, गुरुवारी सकाळी बंड्या काढून मुलं तयार ठेवा! एकही मूल मागं राहता कामा नये!" आणखीही काही बोलले, ते इंजिनानं खाल्लं. मागं राहिला तो धुरळा आणि मी.

विचारायला हवं होतं ना? ओठांवर आलंही होतं. पण वाटलं, साहेब म्हणतील, मॅट्रिक झाल्यात आणि एवढंही कळत नाही! गिळून टाकलं. तडक सभा भरवली.

"बंड्या काढा म्हंते? कायले वो?" काकूंनी विचारलं.

आता आमच्याकडं बंडी म्हणजे बैलगाडी. बंडीचा दुसरा काही अर्थ असेल, हे आमच्या गावात कुणाच्या बापजन्मी ऐकिवात नव्हतं.

"गाव खाली करायचं असेल," मी म्हटलं. "देवी इकडं यायच्या आत लेकरं बाहेर काढायची." माझा आवाज कापत होता. आणि कापऱ्या आवाजात सांगितलेलं लोकांना फार खरं वाटतं हो!

"अवो माय!" एकीनं तोंडाला पदर लावला.

"पन न्याचं कुठं, हे तं साहेब बोललेच नाई," किराणावाल्या हमीदाचाची म्हणाल्या.

"बोरीले. माहा भाऊ हाये तिथं," कुणीतरी म्हटलं. ठरलं, बोरी अरबलाच जायचं.

काकू म्हणाल्या, "थांबा ना बाप्पा. मी आमच्या गड्याले, गोविंदाले, सायकलवर धाडतो. साहेबालेच इचारून येऊ दे."

"काकू, आता तसं करता येत नाही. प्रश्न सभेपुढं आलाय. मतं घ्यावी लागतात."

"बंडी कायले म्हंतात, त्याचे बी मतं?"

घेतली हो, मतं घेतली! सगळे हात वर. काकूंचा तेवढा खाली. हमीदाचाची नुसत्या डोक्यावरचा पदर सावरत होत्या, तोही हात मी मतांत मोजला.

गुरुवारी उजाडताच बंड्या निघाल्या. लेकरं, गोधड्या, भाकरीची फडकी. म्हातारी माणसं मागं राहिली, दारात उभी, जणू पुन्हा भेट नाहीच. एकही मूल मागं राहू नये म्हणून मी दारोदार हिंडून तापानं फणफणलेली पोट्टीसुद्धा उचलून बंडीत घातली. आणि बोरीचा रस्ता नदी ओलांडून नेमका त्याच देवीच्या गावातून जातो, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सभेपुढं तो प्रश्नच नव्हता ना!

नदीवर पोचतोय तोच मागून जीप आली. साहेब उडी मारून उतरले.

"बाई, कुठं निघालात?"

"बोरीला. तुम्हीच म्हणालात ना..."

"त्या गावातून? देवी न काढलेली मुलं घेऊन?" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मग माझाही.

जीपमधून टोचणारे डॉक्टर, तेही साताऱ्याकडचेच, पेटी घेऊन उतरले. त्यांना लगेच पल्याड जायचं होतं. साहेब हात उंचावून ओरडले, "चला, बंड्या काढा! पटापट!"

आणि काय व्हावं! एकजात सगळ्यांनी बैलांच्या शेपट्या पिळल्या. बंड्या थेट पाण्यात!

"अहो थांबा! बंड्या काढा म्हणतोय मी!"

"काढल्या ना साहेब!" नदीच्या मधातून गोविंदा ओरडला. "आखीन कुठं काढू?"

शेवटी साहेबांनी कोटाची बटणं सोडली, शर्टाचीही सोडली, आणि आतली बनियन चिमटीत धरून दाखवली. "ही! ही बंडी! मुलांचे दंड उघडे पाहिजेत मला!"

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बंड्या वळवून आणल्या, आणि तिथंच वाळूत देवी काढल्या. रडारड, नुसता आकांत. मी एकेका लेकराचा दंड धरून डॉक्टरांपुढं करत होते, पुन्हा पुन्हा विचारत होते, कुणी राहिलं नाही ना? कुणी राहिलं नाही ना?

घरी येऊन चिमीला आंघोळ घालायला बसले. एकावर एक घातलेली झबली उतरवली, तर दंड कोरा! सगळा वेळ ती काकूंच्या बंडीत गोधडीखाली झोपली होती. तिची झोपमोड नको म्हणून पांघरूण मीच ओढलं होतं वरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातून एकच बंडी निघाली. हाकायला गोविंदा, सोबतीला काकू, आणि छातीशी चिमीला धरून मी. डॉक्टर पल्याडच होते, त्याच गावात.

तिथं काय सांगू! दारोदारी कडुनिंबाचे डहाळे. धूर कुठल्याच घरातून नाही. एका ओट्यावर एक बाई मांडी घालून बसली होती. मांडी रिकामी. तिनं चिमीकडं पाहिलं, आणि मी लेकरावर पदर ओढून घेतला. का, ते अजून मला सांगता येत नाही.

चावडीपुढं गोविंदानं बैल सोडले. डॉक्टर थकून गेलेले, मानही वर न करता म्हणाले, "चला बाई, बंडी काढा."

आणि मी, मॅट्रिक झालेली चिटणीस, कालची सगळी शोभा उघड्या डोळ्यांनी पाहिलेली, गर्रकन वळून ओरडले, "गोविंदा, जुंप रे बैल! निघायचंय!"

गोविंदा जुंपायला लागलासुद्धा.

काकूंनी माझ्या कडेवरून चिमीला काढून घेतलं, तिचं झबलं उतरवलं, उघडा दंड डॉक्टरांपुढं धरला आणि मला म्हणाल्या, "का वो चिटणीसबाई, घेता का मतं?"