पंप बंद करा, खिडकी उघडा

अकोल्यात मार्च लागला की शकुनबाईचा फोन वाजायला लागायचा. "बाई, पंप पाणी फेकून नाई राहिला." "बाई, ताट्या बदलवायच्या हायेत, कवा येता?" स्कूटीच्या मागे कूलरच्या गवताच्या ताट्यांचा गठ्ठा बांधून, पायाशी हत्यारांची पेटी ठेवून ती डाबकी रोडवरून निघायची ते थेट संध्याकाळीच परतायची. पहिल्या वर्षी लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे. "मिस्त्री कुठी हाये?"

"मीच मिस्त्री," ती सांगायची, आणि कुणी काही बोलायच्या आत कूलरची जाळी उघडायला लागायची.

खरा मिस्त्री तिचा नवरा, उत्तमराव. पंचवीस वर्षं त्यानं अर्ध्या शहराचे कूलर दुरुस्त केले. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका होस्टेलच्या गच्चीवर त्यानं भर दुपारी लोखंडी स्टँड बसवलं आणि तीन वाजता तो घरी आला. डोळे लाल, अंग तापलेलं, आणि घामाचा एक थेंब नाही. शकुनला वाटलं, दमले आहेत. तिनं त्याला खाटेवर झोपवलं, वर चादर टाकली, दार लोटून घेतलं आणि पोरीला म्हणाली, "आवाज नको करू, बाबाले झोपू दे." पाच वाजता तो उठला तेव्हा तिला ओळखत नव्हता.

तो वाचला. पण हात कापायला लागले, शब्द अडखळायला लागले, आणि ऊन म्हटलं की तो दाराच्या आत व्हायचा. दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं सहज म्हणून सांगितलं होतं, "घरी आले तेव्हाच अंगावर गार पाणी ओतलं असतं, तर एवढं झालं नसतं." त्यानंतर शकुन त्या दोन तासांबद्दल कुणाशी कधी बोलली नाही. नवऱ्याची पेटी तिनं उचलली. तो खाटेवर बसून सांगायचा आणि ती शिकायची.

आता जूनचा पहिला आठवडा होता. हे दिवस तिला मे महिन्यापेक्षा वाईट वाटायचे. मे महिन्यातलं ऊन भाजून काढतं, पण ते कोरडं असतं. कूलरसमोर बसलं की जीव थाऱ्यावर येतो. जूनमध्ये आभाळ भरून येतं, पाणी पडत नाही, आणि हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसते. तेव्हा कूलर गारवा देत नाही. बंद खोलीत तर तो आणखी वाफ भरतो. हे ती दिवसातून दहा जणांना सांगायची, आणि दहापैकी नऊ जण म्हणायचे, "तुमी या तं खरं, पंपच बिघडला असन."

त्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता महादेवरावांचा फोन आला. गोरक्षण रोडवर दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको पार्वताबाई दोघंच राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. गावाकडची शेती भावानं सांभाळलेली, मुलगा नितेश पुण्याला.

"शकुनबाई, कूलर चालू हाये, पण थंडा करून नाई राहिला. पंप पाहून जाय."

"काकाजी, पंप बंद करा, खिडकी उघडा. नुसता पंखा राहू द्या. हवेतच पाणी हाये आता."

"खिडकी उघडली तं गरम हवा येते ना आत. तू ये बापा. पार्वतीले बरं नाई सकाळपासून."

"काय होते त्याईले?"

"झोपून हाये. काहीबाही बोलते. वासरं बांधा म्हणते. इथं कुठची वासरं?"

शकुनच्या हातातला पाना थांबला. "काकाजी, घाम येऊन राहिला का त्याईले?"

पलीकडे जरा वेळ गेला. बहुधा त्यांनी हात लावून बघितला असावा. "सकाळी लय येत होता. आता थांबला. अंग कोरडं झालं. म्हणून तं म्हटलं, आता बरी होईन."

ती एका कापडाच्या दुकानात काम करत होती. उघडा कूलर तसाच टाकून ती निघाली. दुकानदार मागून ओरडला, ते तिनं ऐकलं नाही.

रस्ता रिकामा होता. डांबर चाकाला धरून ठेवत होतं आणि दुपट्ट्याच्या आत तिचा चेहरा उकडत होता. चौकातल्या रसवंतीवर तिनं स्कूटी थांबवली. चरकाजवळ पोत्याखाली बर्फाची लादी होती.

"दादा, हा बर्फ दे. सगळा."

"सगळा? मंग मी रसात काय टाकू?"

"एक बाई मरून राहिली तिकडे. दे."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पोत्यासकट लादी पायाशी ठेवली.

दार महादेवरावांनीच उघडलं. आतून जी हवा आली तिनं शकुनचा श्वास अडकला. खिडक्या घट्ट लावलेल्या, फटींना वर्तमानपत्रं कोंबलेली, भिंतींवर पाण्याचे बारीक थेंब आलेले, आणि कोपऱ्यात कूलर जोरात घुमत होता. पार्वताबाई पलंगावर होत्या. अंगावर पातळ, त्यावर पांघरूण. ओठ फाटलेले. महादेवराव चमच्यानं त्यांच्या तोंडात पन्हं घालायला बघत होते, ते ओठांच्या कडेनं मानेवर ओघळलं होतं.

"काकाजी, थांबा! पाजू नका काही. शुद्ध नाई त्याईले, ठसका लागन."

"अवं पण ऊन लागलं तं पन्हंच देतात ना. तळपायाले कांदा चोळला मी. नितेशले फोन केला, तो मीटिंगमध्ये हाये. त्याचा फोन आला का मंग ठरवू."

"नितेशची वाट पाहू नका," ती म्हणाली. आपला आवाज इतका कडक निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पार्वताबाईंच्या कपाळाला हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला.

तिनं कूलरचा पंप बंद केला, पंखा पलंगाकडे वळवला. वर्तमानपत्रं ओढून खिडक्या उघडल्या. एकशे आठला फोन लावला, पत्ता सांगितला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी निघते आहे, वीस-पंचवीस मिनिटं लागतील, तोवर अंग गार करत राहा.

"बादली कुठी हाये?"

महादेवरावांनी आतल्या मोरीकडे बोट केलं. इतक्या वर्षांत शकुन या घराच्या बैठकीपलीकडे कधी गेली नव्हती. ती स्वतःच स्वयंपाकघरातून मोरीत गेली, नळाखाली बादली लावली, बर्फाची लादी फरशीवर आपटून फोडली.

"पांघरूण काढा. पातळ सोडा त्याईचं."

"अवं पण..."

"काकाजी, मी बाईच हावो. तुमी त्याईचे मालक हा. कोणाची लाज? सोडा."

म्हाताऱ्याचे हात गाठी सोडायला लागले. शकुननं चादर पाण्यात बुडवून पार्वताबाईंच्या अंगावर पसरली, बर्फाचे तुकडे टॉवेलात बांधून काखेत, मानेखाली, जांघेत ठेवले आणि तांब्यानं वरून पाणी ओतायला सुरुवात केली. गादी भिजली, पाणी फरशीवर आलं, पलंगाखालून दाराकडे निघालं. चादर दोन मिनिटांत कोमट व्हायची. ती पुन्हा भिजवायची.

"गायीले आत घ्या," पार्वताबाई म्हणाल्या. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"घेतली काकू. सगळी वासरं बांधली," शकुन म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पायल. शकुनची मुलगी अमरावतीला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. शकुननं फोन खांद्यात धरला.

"आई, तू कुठी हायेस? बाबा फोन उचलून नाई राहिले. तीन खेपा लावला."

"झोपले असतीन."

"आई, आपल्याकडची लाईन बारा वाजल्यापासून गेली हाये. शेजारच्या जाईआजीनं सांगतलं मघाशी, आता तिचाबी फोन लागत नाई. बाबा टिनाखाली एकटे हायेत."

शकुनचा तांब्या हवेतच राहिला. तिला खाट दिसली, त्यावरची चादर दिसली. घर पाच किलोमीटर. स्कूटीनं पंधरा मिनिटं. गाडी यायला अजून पंधरा तरी. महादेवरावांना बादली उचलता येत नव्हती. मघाशी त्यांनी प्रयत्न केला तेव्हा गुडघा मुडपून ते पलंगाच्या कठड्याला धरून राहिले होते.

"गल्लीतल्या धम्मदीपले लाव फोन. किराणाचं शटर टाकून जाय म्हणा घरी."

"धम्मदीप काका मूर्तिजापूरले गेले. आई, तू जाय ना घरी!"

महादेवरावांनी ऐकलं होतं. ते तिच्याकडे बघत होते. बायकोचा पाय धरून उभे होते.

"पायल, ऐक," शकुन म्हणाली. "मी आता निघालो तं इथं एक जीव जाते. तू फोन करत राहा. गल्लीतले जेवढे नंबर हायेत तेवढे लाव. कोणी तं उचलन." तिनं फोन ठेवला. पुढचं पाणी पलंगाबाहेरच सांडलं. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

पुढची पंधरा मिनिटं तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. बादली, चादर, बर्फ. बादली, चादर, बर्फ. मध्येच तिच्याच डोळ्यांपुढे काळं आलं. तिनं एक तांब्या स्वतःच्या डोक्यावर ओतला आणि पुन्हा वाकली. मनात एकच हिशेब चालला होता: बारापासून आता अडीच. अडीच तास. टिनाखाली.

"आता वारा येते," पार्वताबाई हळूच म्हणाल्या.

महादेवराव खाली वाकले. "पार्वती? कोण हावो मी?"

त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. "असे काय विचारता," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले. म्हातारा पाण्यात बसला आणि हुंदका न देता रडायला लागला.

गाडी आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन वर आले, एकानं ताप बघितला आणि मान हलवली. "अजून एकशे तीन आहे. पाणी कोणी मारलं?"

"मी," शकुन म्हणाली.

"बरं केलं." एवढंच बोलून ते जिना उतरले. महादेवरावांना हाताला धरून तिनं गाडीत बसवलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली त्यांच्या खिशात टाकली.

"तू जाय आता, जाय लवकर," ते म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत तिनं स्कूटी सुरू केली होती.

घराचं दार सताड उघडं होतं. खाट रिकामी. फोन उशीजवळ पडलेला, त्यावर पायलचे अकरा फोन येऊन गेलेले. टिनाखाली उभंही राहवत नव्हतं. तिनं मोरी पाहिली, मागची गल्ली पाहिली. "पायलचे बाबा!" ती ओरडली. समोरच्या घरातली पोरं दारात आली, त्यांना काही माहीत नव्हतं. चार वर्षांत हा माणूस दुपारी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. उन्हात कुठे भ्रमिष्टासारखा चालत गेला असेल, नाल्याकडे, रुळांकडे... ती धावत सुटली, कुठल्या दिशेनं ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

गल्लीच्या टोकाला बुद्ध विहार होतं. दाराशी ओळखीच्या चपला दिसल्या म्हणून ती थांबली. आत फरशीवर उत्तमराव भिंतीला टेकून बसला होता. डोक्यावर ओला पंचा. त्याच्या शेजारी जाईबाई आडवी पडली होती, सत्तरीची म्हातारी, आणि तो वर्तमानपत्रानं तिला वारा घालत होता.

शकुन दारातच बसली.

"लाईन... गेली," उत्तमराव म्हणाला, एकेक शब्द जुळवत. "माह्या घरात... जीव घाबरला. जाईबाई दारात... बसून होती. तिले चक्कर. म्हटलं, चाल. विहार थंडं राह्यते."

"मंग फोन तं न्यायचा ना सोबत!" ती एकदम किंचाळली. "मी तिथं... मले काय वाटलं असन, तुमाले माहीत हाये का? ती पोरगी तिकडे मरून राहिली काळजीनं!"

"एका हातानं तिले... एका हातानं भिंत," तो म्हणाला. "हात दोनच."

जाईबाई पडल्या पडल्या म्हणाली, "नको रागावू बाई त्याले. मले त्यानंच आणलं. रस्त्यात दोनदा उभा राहिला, पण मले सोडलं नाई त्यानं."

शकुननं त्याच्या कपाळाला हात लावला. घामानं चिंब होतं. तिनं तो घाम दुपट्ट्यानं पुसला नाही. तिथेच त्याच्या बाजूला बसून तिनं पायलला फोन लावला, "सापडले" एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ फोन कानाला धरून दोघी मायलेकी रडल्या.

पार्वताबाई आठ दिवसांनी घरी आल्या. चालताना तोल जातो, पण माणसं ओळखतात. नितेश पुण्याहून आला होता. त्यानं शकुनला घरी बोलावून एसी बसवण्याबद्दल विचारलं. "बसवा," ती म्हणाली, "पण लाईन गेली तं काय करान, तेबी काकाजीले शिकवून ठेवा."

त्या शुक्रवारनंतरही उकाडा बारा दिवस टिकला. फोन येतच होते. शकुन सकाळी सात वाजता उत्तमराव आणि जाईबाईला विहारात पोचवायची, पाण्याची कळशी आणि चार्ज केलेला फोन त्यांच्यापाशी ठेवायची आणि मगच स्कूटी काढायची. कूलर उघडायच्या आधी ती आता घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसते, हात धरते, दोन प्रश्न विचारते. गिऱ्हाईक घाई करतं. "बाई, आधी पंप पाहा ना."

"पाहातो," ती म्हणते. "आधी आजीले पाहू द्या."