टॉपची हाय का?

आमच्या गावठाणात कुणी गाडी घेतली की लोक पेढा तोंडात टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारतात. "टॉपची हाय का?" म्हणजे सगळ्यात महागड्या मॉडेलची का. गाडी कुठली, कुणाची, ती चालते कशी, ते सगळं नंतर. मी मूळची घाटावरची, लग्न करून या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा सीवूड्सचे टॉवर असे अंगावर आले नव्हते. इतक्या वर्षांत इथलं सगळं अंगवळणी पडलं. जेवण पडलं, 'आहे'चं 'हाय' आणि गाडीची 'गारी' झाली तीही पडली. पण हा टॉपचा सोस काही माझ्या पचनी पडला नाही. माझा दीर म्हणजे या सोसाचा मुकुटमणी. घरात साधा पंखा घ्यायचा म्हटलं तरी तो म्हणतो, "वहिनी, टॉपचा घे. लोक काय बोलतील?"

त्यामुळे आमच्या घरी पहिली नवी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा भांडण होणार हे मला आधीच माहीत होतं. ते कशावरून होणार हेही माहीत होतं. कारण गाडी घ्यायची होती ती माझ्या सासूबाईंसाठी, आणि ते दिराला सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जन्म मिठागरात गेला, डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिल्या, ते सगळं म्हातारपणी गुडघ्यांत उतरलं. घरात त्या भिंतीला धरून फिरतात, पण गाडीत चढणं म्हटलं की घोडं अडतं. मागे एका पुतण्याच्या हळदीला त्याच्या उंच गाडीत त्यांना चढता येईना, तेव्हा दोघा पोरांनी त्यांना काखेत धरून वर ढकललं. उतरताना तसंच. मांडवातले सगळे बघत होते. कुणी तरी हसलं. सासूबाई त्या पोरांवर ओरडल्या, "मना उचलू नका! मी काय मिठाची गोन हाय?" त्यावर अख्खा मांडव हसला. घरी आल्यावर त्या देवापुढे बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, की आता मी कुठे येणार नाही. आणि खरंच कुठे गेल्या नाहीत.

त्यांची पाठची बहीण, आमच्या मावशी, कामोठ्याच्या पलीकडे एका गावात असते. ती अंथरुणाला खिळलेली. या दोघी लहानपणी एका टोपलीला दोन बाजूंनी धरून मीठ उचलायच्या. आता एकीला उठता येत नाही, दुसरी गाडीत बसत नाही. फोनवर बोलतात आणि बोलता बोलता दोघी गप्प होतात. मला ते ऐकवत नाही, मी उठून आत जाते. मला एवढंच हवं होतं, की माझ्या सासूबाईंनी कुणाचाही हात लागू न देता गाडीत बसावं आणि बहिणीला भेटावं. बाकी गाडीला चार चाकं असली की झालं.

पण गाडी घेणं इतकं सोपं असतं होय! सानपाड्याच्या बाजूला शोरूमची रांग आहे, तिथे आम्ही सुट्टीचे दिवस घालवायला लागलो. प्रत्येक गाडीचं एक रंगीत पुस्तक. त्यात एकाच गाडीची पाच-सहा रूपं, प्रत्येकाला वेगळं नाव, आणि नावावरून धड काही कळेल तर शपथ. एका कंपनीत जे नाव टॉपला, तेच दुसरीकडे मधल्याला. पुढे खुणांचा तक्ता, काही मिळणार असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे आडवी रेघ. सगळ्यात खालच्या गाडीला रेघाच रेघा, बिचारी जणू नापास झालेली.

आणि मला ज्याचा राग आला ते म्हणजे त्यांची बांधाबांध. तुम्हाला हवी असते एक गोष्ट. ती हवी तर तिच्यासोबत नको असलेल्या दहा घ्या. लाडू मागायला गेलं तर अख्खं रुखवत गळ्यात! मला ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटची उंची कमी-जास्त करता यावी असं वाटत होतं, तर ती सोय फक्त टॉपमध्ये. टॉपमध्ये छताला काच, दारांत निळे दिवे, टीव्हीएवढा पडदा, गाडी आपल्याशी बोलणार. "आमच्या घरात बोलणारे कमी आहेत का?" मी विचारलं. शोरूममधली मुलगी हसली, पण नवरा नाही हसला. दिराने तेवढ्यात काचेच्या छताखाली चार फोटो काढून घेतले होते.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. सासूबाई घरी कुठून आपलं आपण उठतात, ते बघितलं. सोफ्यावरून नाही, तो खोल. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून नाही, ती हलते. उठतात त्या फक्त त्यांच्या लाकडी पलंगावरून. आधी पाठमोऱ्या होतात, मागे हात टेकून बसतात, मग एकेक पाय हाताने उचलून वर घेतात. उतरताना उलटं. मी पलंगाची उंची शिवणाच्या टेपने मोजली आणि तो टेप पर्समध्ये टाकून शोरूममध्ये गेले.

तिथे मी सासूबाई झाले. साडी नेसून गेले होते मुद्दाम. गुडघे ताठ ठेवायचे, पाठ वाकवायची नाही, पाठमोरं होऊन बसायचं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, काय तमाशा लावलायस?" मी म्हटलं, "तुझी आई मांडवात जे सोसून आली, त्यापुढे हा काहीच नाही." मग हळूच येऊन त्याने दार धरलं, आणि पुढच्या प्रत्येक गाडीला तोच धरत गेला. त्या दिवशी मला नवरा फार आवडला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

असं बसून-उठूनच सगळं कळत गेलं. टॉपच्या गाडीत काचेच्या छतामुळे डोक्यावरची जागा कमी होते, आत शिरताना माझा अंबाडा घासला. सासूबाईंची तर मान वाकत नाही. टॉपची सीट चामड्यासारखी गुळगुळीत, तिच्यावरून साडी घसरते. मधल्या गाडीत साधं कापड, बसलं की जिथल्या तिथे. उंची कमी-जास्त होत नव्हती, पण टेप लावला तर एका गाडीची सीट मुळातच पलंगाएवढी निघाली. दाराच्या वर आतून धरायला मूठ असते, ती कुठे आहे, कुठे नाही, हे पुस्तकात लिहिलेलंच नसतं. मी एकेका गाडीत डोकं घालून वर बघत होते. शेवटी पायरीचं निघालं. पायरी वेगळी लावून मिळते, वयस्कर माणसांसाठी उत्तम आहे म्हणे. मीही आधी हुरळले. मग पाठमोरी होऊन बसून बघितलं, तर ती पायरी नेमकी पोटरीला लागते! पायरी समोरून चढणाऱ्यांसाठी. आमच्या सासूबाई चढत नाहीत, बसतात. पायरी नको म्हणून सांगितलं.

मधलीच गाडी ठरली. दीर जेवला नाही त्या रात्री. "लोक विचारतील टॉप का नाय घेतला, तर काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, नाकापेक्षा मोती जड झाला असता." तो दोन दिवस बोलला नाही, घर कसं शांत शांत होतं.

सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गाडी दारात येईपर्यंत बोलत नाहीत, दृष्ट लागते. त्यामुळे ज्यांच्यासाठी घेतली त्यांनाच ती गाडी थेट दारात दिसली. गल्ली माणसांनी फुललेली. चाकाखाली लिंबू, बोनेटवर हार, कोपऱ्यावर बँजो, सासूबाईंनी खुर्चीत बसूनच ओवाळलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने पहिलं बसायचं आणि गाडी गावदेवीला न्यायची, ही रीत. दिराने पुढचं दार सताड उघडलं आणि मोबाइल वर धरला. त्याच्यामागे आणखी चार मोबाइल वर झाले. "चल आय, बस!"

सासूबाईंनी त्या मोबाइलांकडे बघितलं. तोंड मिटून घेतलं. "पाय दुखतान माजं. तुमी जावा."

कुणी तरी म्हणालं, उचला की, दोघं जण धरा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुणी हात लावायचा नाही!" मी अशी ओरडले की बँजोवाला वाजवायचा थांबला. नवऱ्याने पुढच्या सीटवर नारळ ठेवला. दीर तिथे बसायला गेला तर त्याला म्हणाला, "मागे बस. ती जागा आयची." नारळ ऐटीत देवीला जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली झोपलेली. मी भांडी लावत होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "कनचा दार उघराचा गो बाय?"

मला हातातली वाटीसुद्धा ठेवायचं सुचलं नाही. वाटी घेऊनच त्यांच्यासोबत बाहेर गेले. गाडीचं पुढचं दार उघडलं आणि बाजूला झाले. त्या पाठमोऱ्या झाल्या, मागे हात टेकला, वरची मूठ धरली, बसल्या. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच चर्र चर्र आवाज झाला आणि सासूबाई सीटवरून पुढे घसरायला लागल्या. मूठ हातात होती म्हणून वाचल्या. मी कमरेला धरायला धावले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि स्वतःच कशाबशा उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. "ऱ्हाऊ दे बाय," म्हणाल्या, आणि भिंत धरून घरात निघून गेल्या.

सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक होतं. नवी गाडी घेतली की ते महिनोन्महिने काढायचं नाही, नवेपण जातं, अशी आमच्या अख्ख्या गल्लीची श्रद्धा. दोन महिने मी टेप घेऊन फिरले, छत बघितलं, मुठी बघितल्या, न घसरणारं कापड निवडलं, आणि त्या कापडावर हे घसरगुंडीचं प्लॅस्टिक! मी घरातून भाजीची सुरी आणली आणि ते टराटरा फाडलं. आवाजाने दीर धावत आला. "वहिनी, काय करते! वर्षभर तरी ऱ्हाऊ दे, विकताना भाव येतो!"

"तुझी आई पडली असती आता," मी म्हटलं. आवाज फाटला माझा, आणि मग रडूच आलं.

तो बघत राहिला. गाडीकडे, सुरीकडे, माझ्याकडे. मग त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकून सीटच्या फटीत अडकलेले तुकडे बोटांनी ओढून काढायला लागला. एकही राहू दिला नाही. सगळं झाल्यावर आत जाऊन आईला म्हणाला, "आय, आता बस. मी बघत नाय. कुनीच बघत नाय." आणि खरंच गल्लीच्या तोंडाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

त्या आल्या. पाठमोऱ्या झाल्या. हात टेकला, मूठ धरली, बसल्या. कापडाने त्यांना धरून ठेवलं. एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा. पदर सारखा केला आणि समोर काचेतून बघत बसल्या. मी दार लावायला गेले तर म्हणाल्या, "थांब." आणि स्वतः ओढून लावलं.

"कुठे जायचं आई?" मी विचारलं. उगाच विचारलं. नवऱ्याला फोन केला, तो ऑफिस सोडून आला.

मावशींच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा त्यांची सून बाहेर आली आणि सवयीने हात द्यायला पुढे झाली. मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. सासूबाई उतरल्या, भिंत धरत आत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. मावशींनी उशीवरून मान वळवली. मग मावशींनी विचारलं, "कुनी उचलली तुना?"

"कुनी नाय," सासूबाई म्हणाल्या. "माजी मी बसली, माजी मी उतरली."

मावशींनी हात पुढे केला आणि तो सासूबाईंनी दोन्ही हातांत घेतला. दोघी रडत होत्या, मीही दारात उभी राहून रडत होते, आणि नवरा अंगणात उगाच गाडीची काच पुसत होता. थोड्या वेळाने मावशींनी डोळे पुसले, खिडकीतून दिसणाऱ्या गाडीच्या टोकाकडे बघितलं आणि विचारलं, "टॉपची हाय का?"

सासूबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हां," त्या म्हणाल्या. "माज्या सुनंनी टॉपचीच घेतली."